जुन्या घराचं दार रंगवण्याआधी

आजचा दिवस गिरगावातल्या एका जुन्या घराच्या दर्शनी बाजूत गेला. सागवानी दार अजून खणखणीत आहे. दुखणं आहे ते खालच्या चार इंचांत. फळीची खालची कड कोणी कधी रंगवतच नाही. लाकूड तिथून पावसाचं पाणी ओढतं, फुगतं, आणि मग सुतार रंधा मारून ती कड पुन्हा उघडी करतो. म्हणून दार बिजागऱ्यांवरून उतरवा, खालची-वरची कड दोन हात प्रायमरने बंद करा आणि उंबरठ्यापासून तीनेक मिलिमीटर फट ठेवा.

जुने ऑइलपेंटचे थर कोरडे घासू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि घरात लहान मुलं असतात. पेंट रिमूव्हर लावून पत्रीने (लोखंडी पट्टीने) खरवडा, मग ८०, १२०, २२० नंबरचा पॉलिश पेपर, तोही मास्क लावूनच. वरून मारायचं मेलामाइन पॉलिश बाहेर टिकत नाही. उन्हापावसासाठीचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच घ्या.

बिजागरीचे स्क्रू फिरत असतील तर भोकात सागाची खुंटी फेविकॉलने ठोका, दुसऱ्या दिवशी नवं भोक पाडा. काडेपेटीच्या काड्या कोंबणं हा उपाय नव्हे.

भिंत चुन्याची असेल तर सिमेंटचं ठिगळ कृपा करून लावू नका. आतली ओल अडकते, क्षार फुटतात आणि कडेचा चांगला गिलावासुद्धा पोपडे धरून सुटतो. चुन्याला चुनाच हवा. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणपट्टीची खाच, म्हणजे पाणी तिथेच खाली ठिबकवणारी चीर, आहे का तेही बघा, नाहीतर पाणी थेट चौकटीवर उतरतं.

हे सगळं काम दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावरच काढा.