माऊ, भूभू आणि स्पायसर-सिम्सन

परवा दुपारी शेजारची चिमुरडी बालदीत दोन कागदी होड्या सोडून बसली होती. नावे विचारल्यावर तिने एकीकडे बोट दाखवून ‘माऊ’ आणि दुसरीकडे दाखवून ‘भूभू’ असे सांगितले, आणि मला एकदम जेफ्री स्पायसर-सिम्सन आठवला. ब्रिटिश नौदलातल्या या अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धात, 1915 साली, आपल्या दोन लढाऊ मोटारबोटींसाठी मांजर आणि कुत्रा हीच नावे सुचवली होती. वरिष्ठांनी ती फेटाळल्यावर त्याने ‘मिमी’ आणि ‘तुतू’ ही नावे पाठवली व ती निमूटपणे मंजूर झाली. पॅरिसच्या बोलीत त्यांचा अर्थ म्याव आणि भू-भू असाच होतो.

नामंजूर अर्ज नुसते शब्द बदलून मंजूर करून घेणारा माणूस मला आवडतो. मात्र याच्या सेवापुस्तकात लाल शाईच्या शेऱ्यांना तोटा नसावा. पाणबुड्या शोधण्यासाठी दोन विनाशिकांमध्ये दोर बांधून तो समुद्रातून ओढत न्यावा, अशी युक्ती त्याने काढली होती आणि सरावात आपल्याच नौदलाची पाणबुडी बुडवत आणली होती. नोव्हेंबर 1914 मध्ये त्याच्या अखत्यारीतली ‘नायजर’ ही नौका डील गावासमोर टॉर्पेडोने बुडाली, तेव्हा साहेब किनाऱ्यावरच्या हॉटेलात होते. अशा माणसाला टांगानिका सरोवराच्या मोहिमेवर धाडले गेले, ते बहुधा दुसरे कोणी मोकळे नव्हते म्हणून.

शाळेत आफ्रिकेचा नकाशा भरताना हे सरोवर मी नेहमी फार जाड काढत असे. निळ्या पेन्सिलीला थुंकी लावून ओढलेली ती रेघ मागच्या पानावर उमटायची, आणि बाई म्हणायच्या, “अरे, सरोवर आहे ते, समुद्र नव्हे.” साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या त्या पाण्यावर तेव्हा जर्मन बोटींचे राज्य होते. त्यांना हटवण्यासाठी 40 फुटी मिमी आणि तुतू लंडनहून केपटाउनला जहाजाने, तिथून आगगाडीने आणि पुढे वाफेच्या इंजिनांनी व बैलांनी ओढत मितुंबाच्या डोंगरांवरून नेल्या गेल्या. इंजिनांना पाणी पुरेना, तेव्हा गावोगावच्या बायकांनी डोक्यावरून घागरी आणून त्यांची तहान भागवली. शिवाय हे साहेब त्या उन्हात कमरेला खाकी घागरा नेसून वावरत. अंगभर गोंदण होतेच.

26 डिसेंबर 1915 रोजी, रविवारची प्रार्थना चालू असताना, ‘किंगानी’ ही जर्मन बोट दिसली आणि काही मिनिटांच्या चकमकीत हाती लागली. तिचे नाव ‘फीफी’ ठेवण्यात आले. फेब्रुवारीत ‘हेडविग फॉन विसमान’ बुडाली. दुसऱ्याच दिवशी सर्वांत मोठी ‘ग्योट्झेन’ समोर आली, आणि साहेबांनी हल्ल्याला साफ नकार दिला. पुढे सरोवराकाठच्या बिस्मार्कबुर्ग या जर्मन ठाण्याच्या किल्ल्यावरच्या तोफा पाहूनही ते दूरच थांबले. त्या तोफा लाकडी निघाल्या आणि दरम्यान जर्मन पसार झाले. साहेबांना पदक मिळाले, पण पुन्हा नौकेचे आधिपत्य कधीच मिळाले नाही.

या लाकडी तोफांवर सगळे हसतात. मला मात्र तिथे हसू येत नाही, कारण हाच माणूस किंगानी हाती आल्यावर तिच्यावर चढला होता आणि तिचा कप्तान डेकवर मरून पडला होता. मांजराचे आणि कुत्र्याचे नाव दिलेल्या बोटींनी ते केले होते. ग्योट्झेन पुढे जर्मनांनीच बुडवली, इंजिनांना व्यवस्थित ग्रीस फासून. ती वर काढली गेली आणि ‘लिएम्बा’ या नावाने कित्येक दशके त्याच सरोवरात प्रवासी वाहत राहिली.

संध्याकाळपर्यंत माऊचा लगदा झाला होता. चिमुरडीने नवी होडी मागितली, आणि मी वर्तमानपत्राचे पान फाडायला घेतले.