तेरा नगांचा बॉक्स आणि भावाच्या तीन चकरा

बाकी सगळं मागाहून, आधी हे ऐका. बाळाच्या कपड्यांचं बिल मागून घ्या. कपडे आत्याने आणलेले असोत की मामाने, लाज वाटली तरी मागा. मी मागितलं नाही, म्हणून माझ्या भावाला ऐन मे महिन्यात अमळनेर ते जळगाव तीन चकरा माराव्या लागल्या. तो अजून मला ऐकवतो.

लेक वैशाखात झाली, माहेरी अमळनेरला. पारा ४४ वर. आमच्याकडे बाळ यायच्या आधी नवे कपडे आणत नाहीत आणि पहिलं झबलं जुनंच घालतात. त्यामुळे दवाखान्याच्या पिशवीत भाच्याची धुऊन धुऊन विरलेली सहा झबली, आईच्या जुन्या सुती लुगड्याचे लंगोट, दोन दुपटी आणि एक टोपडं एवढंच होतं. दवाखान्यात ते पुरलं. पहिल्या दिवशी नर्सने एवढ्या उकाड्यातही तिला टोपडं घालून गुंडाळलं तेव्हा मी कुरकुरले, पण नुकतं जन्मलेलं बाळ ओलं असतं आणि झटकन गार पडतं, हे तिचं बरोबर होतं. घरी आल्यावर मात्र डॉक्टरांनी टोपडं काढायला लावलं. बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते, घरात झोपताना डोकं बांधून ठेवलं की ते तापतं.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग बारसं आलं.

बारशाला आत्या कपडे आणते. माझ्या नणंदबाई भुसावळच्या, स्वभावाने मोकळ्या, हात सढळ. त्यांनी जळगावच्या एका मोठ्या दुकानातून तेरा नगांचा बॉक्स आणला. गुलाबी पुठ्ठा, वर पारदर्शक कागद, आत फ्रॉक, नाडीची पँट, टोपी, हातमोजे, पायमोजे, लाळेरं, आणि मोजताना तेरा व्हावेत म्हणून घातलेले दोन रुमाल. किंमत ११५० रुपये, हे मला नंतर कळलं. फ्रॉकला जाळीचे तीन थर, गळ्याभोवती टिकल्या, पाठीला चेन. बायका म्हणाल्या, काय गोड! मीही म्हणाले.

घातला फक्त दहा मिनिटं. आधी तो डोक्यावरून जाईना. बारा दिवसांच्या बाळाची मान धरायची की फ्रॉक ओढायचा? मग पाठीची चेन उघडायला तिला पालथं धरलं, ती किंचाळली. गळ्याशी टॅगचा प्लॅस्टिकचा दोरा टोचत होता, तो मी कात्रीने कापला. (हे लक्षात ठेवा, याचं पुढे रामायण झालं.) कूलरसमोर असूनही मानेच्या मागे घाम डवरला. आजी कोपऱ्यातून ओरडली, "व माय, पोरले उकडी ऱ्हायनं ना!" संध्याकाळी गळ्यावर आणि काखेत लाल पुरळ. घामोळं.

वडील कापूसवाले. जन्म कपाशीत गेला. त्यांनी काही न बोलता जाळीचा एक धागा ओढला आणि काडी लावली. कापूस असता तर कागदासारखा जळून राख झाली असती. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. बॉक्सवर मात्र ठळक अक्षरांत 'कॉटन' छापलेलं. वडील म्हणाले, "परत दे."

परत दे म्हणणं सोपं. मी बाळंतीण, दवाखाना सोडला तर सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पाऊल नाही, म्हणून भाऊ. तो सकाळची कामं उरकून पॅसेंजरने निघाला आणि धरणगाव मागे टाकून जळगावला उतरेपर्यंत दीड वाजला. उन्हाळ्यात दुपारी दुकानांची शटर खाली असतात, हे खान्देशात जन्मलेल्या माणसाला मी कशाला सांगायला हवं? पण मीच त्याला 'आत्ताच्या आत्ता जा' म्हणून पिटाळलं होतं. चार वाजेपर्यंत तो एका रसवंतीत बसला. चारला दुकान उघडलं. पोऱ्याने विचारलं, "बिल?"

बिल ताईंकडे. आता नणंदेला फोन करून 'तुम्ही दिलेल्याचं बिल पाठवा' कसं म्हणायचं? मी नवऱ्याच्या गळ्यात मारलं. तो नाशिकला, त्याने ताईंच्या यजमानांना सांगितलं की माप मोठं होतंय, बदलून घ्यायचंय. त्यांनी बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. भाऊ दुसऱ्यांदा गेला, या वेळी शहाण्यासारखा संध्याकाळी. काउंटरवरचे म्हणाले, फोटो चालत नाही, ओरिजिनल आणा. त्यांचंच दुकान, त्यांच्याच कॉम्प्युटरवर बिल नंबर टाकला तर समोर दिसत होता, तो भावाने दाखवलाही. "सिस्टीममध्ये आहे हो, पण कागद लागतो." मी फोनवर स्पीकरवर होते. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मांडीवरची लेक दचकून उठली.

ओरिजिनल बिल मग भुसावळहून सुरतेकडच्या गाडीने, ताईंच्या यजमानांच्या ओळखीतल्या एका प्रवाशाच्या डब्याच्या पिशवीतून अमळनेरला आलं. त्याला लोणच्याचं तेल लागलेलं. तिसरी चकर.

आता त्यांनी बिल उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत: बदली सात दिवसांत, टॅगसह. भाऊ म्हणाला, बारशाला दिलेली भेट आहे. ते म्हणाले, सात दिवस खरेदीपासून. ताईंनी आठवडाभर आधी खरेदी केली होती, म्हणजे बॉक्स आमच्या घरात उघडला त्याच दिवशी मुदत संपली होती. आणि टॅग? टॅग टोचतो हे घातल्याशिवाय कळत नाही, आणि टोचल्यावर कापला तर माल परत नाही. तान्ह्या बाळाच्या कपड्याला टोचणारा दोरा लावायचाच कशाला, या प्रश्नाला तिथे कोणाकडे उत्तर नव्हतं.

भावाने खिशातून काळा मणी काढला. हो, वडिलांनी तो कागदाच्या पुडीत बांधून दिला होता. "बॉक्सवर कॉटन लिहिलंय." मालक आले, चष्मा लावला, बॉक्स बघितला आणि शांतपणे म्हणाले, "ते आतल्या अस्तराचं आहे." अस्तर खरंच सुती होतं. हातभर.

शेवटी पाऊण तासाने एक क्रेडिट नोट मिळाली, ८५० रुपयांची. लाळेरं आणि मोजे वापरलेले म्हणून ३०० कापले. पैसे नाहीत, माल घ्या, तोही लहान मुलांच्याच विभागातला, बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत. त्यातले जेमतेम दहा उरले होते. भावाने तिथेच विचारलं, साधी सुती झबली दाखवा, पुढून बंद बांधायची. सेल्समन हसला. "ती आता कोण घेतं? चुरगळतात." बाहेर जिल्हाभर कपाशीची लागवड चाललेली, माझ्या बापाच्या वावरात ठिबकच्या नळ्या पसरलेल्या, आणि बाजारपेठेतल्या तीन मजली दुकानात कापसाचं झबलं नाही.

झबली मग गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी शिवली. खादी भांडारातून दीड मीटर पांढरी मलमल आणली, आधी दोनदा धुऊन आटवून घेतली, त्यात चार झबली झाली. शिलाई त्यांनी घेतलीच नाही, पेढे घेतले. पुढून उघडी, काखेतून एक आणि पोटावर एक बंद, बटण नाही, चेन नाही. शिवण बाहेरच्या बाजूने काढायला सांगा, आत काढली तर काखेत घासते. झबलं आखूड ठेवा, बेंबीच्या वर संपणारं. नाळ पडेपर्यंत, आणि त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, लंगोटही बेंबीच्या खालीच दुमडायचा, म्हणजे ती जागा कोरडी राहते.

लंगोट किती, हे मैत्रिणी विचारतात. मी विचारते, तुमच्याकडे नळ कितव्या दिवशी येतो? आमच्या गल्लीत चौथ्या दिवशी. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसात सहा-आठ वेळा तरी ओलं करतं, आमची त्याहून जास्त. एक बादली पाणी रोज लंगोटांना ठेवलं तरी दोन डझन लागले. रात्री डायपर. सासूबाई नाक मुरडायच्या, मी झोपायचे. वाळण्याची चिंता मात्र मे महिन्यात नाही, गच्चीवर दुसरा लंगोट टाकेपर्यंत पहिला वाळतो. पावसाळ्यात तोच हिशोब कोलमडला, तेव्हा आणखी एक डझन फाडले.

कुंचीचं राहिलंच. आजीने ट्रंकेतून माझीच कुंची काढली, खणाची, मोती लावलेली, आणि सगळी खोली डांबरगोळ्यांच्या वासाने भरली. मी भावुक होऊन घालणार होते. नशीब, बाळाला थोडी कावीळ दिसत होती म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं आणि मी सहज विचारलं. ते एकदम गंभीर झाले. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. डांबरगोळीतल्या नॅफ्थलिनने अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ धोकादायक होऊ शकते. आपल्या बाळात ते कमी आहे की नाही हे वरून दिसत नाही. कुंची दारावरून मागे गेली. आजी दोन दिवस बोलली नाही. मग तिने स्वतःच ट्रंकेतल्या सगळ्या गोळ्या गटारात फेकल्या.

हातमोजे-पायमोजे वापरणार असाल तर उलटे करून आतला सुटा धागा बघा, तो बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं. आम्ही नखं कापली आणि मोजे सोडले. आणि हातपाय गार लागतात म्हणून कपडे वाढवू नका, तान्ह्यांचे हातपाय गारच असतात. मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा, मग घरातल्या म्हाताऱ्या काहीही म्हणोत.

क्रेडिट नोट वाया जाऊ दिली नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी नवरा नाशिकहून येताना मुद्दाम जळगावला उतरला आणि बाळाखाली अंथरायच्या, ओल न झिरपणाऱ्या दोन ड्राय शीट आणि एक मच्छरदाणी घेऊन पुढच्या गाडीने अमळनेरला आला. वर १४० रुपये घातले. तिन्ही वस्तू रोज वापरात आहेत.

ताईंना वाटतं, फ्रॉक मोठ्या मापाचा बदलून आणलाय. दिवाळीत घालायचा म्हणतात.