‘डोळे नाही जी मॅडम, डोकं स्लो झालं’

मे महिन्यात दुपारी बारा ते चार नागपूरच्या सीताबर्डीवर फारसं कोणी फिरकत नाही. कूलरमध्ये पाणी टाकायचं आणि साचलेली बिलं लावायची, एवढंच काम असतं. अशाच एका दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक गृहस्थ दुकानात आले. आधी गटागटा पाणी प्यायले, मग डोळ्यांवरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

“चष्मा चांगला आहे. डोळेबी बरोबर आहेत,” ते म्हणाले. “माह्यं डोकंच स्लो झालं मॅडम. बायको म्हणते, पहिले डोळे दाखवून या, म्हणून आलो.”

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. डोकं तपासणं माझ्या कामात बसत नाही. पण पंचेचाळिशी-पन्नाशीतले लोक माझ्या खुर्चीत बसले की चष्म्यासोबत बरंच काही बोलून जातात, आणि ते ऐकून घ्यायची मला सवय झाली आहे.

वय ४९. सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाजवळ टायपिंगचं टेबल. शपथपत्रं, भाडेकरार, वकिलांचे ड्राफ्ट. विशीत रेमिंग्टनच्या मशीनवर सुरुवात केलेली, मिनिटाला इंग्रजी ४० आणि मराठी ३० शब्दांची सर्टिफिकेटं अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलेली. आता कॉम्प्युटर आहे, पण बोटं रेमिंग्टनचीच. दोन-अडीच महिन्यांपासून स्पीड पडला होता. ओळी सुटत होत्या, कधी एकच ओळ दोनदा पडत होती. एका शपथपत्रात शेताचा गट नंबर ८४ चा ४८ झाला आणि वकिलाने सगळ्यांदेखत कागद फेकून दिला. तेव्हापासून तातडीचं काम शेजारच्या टेबलावर जाऊ लागलं.

“तिथला पोट्टा पंचवीस वर्षांचा आहे. त्याचं डोकं चालते. आपलं संपलं आता.”

नावंही आठवत नाहीत म्हणाले. मी विचारलं, घरचा रस्ता चुकता का? नाही. पैशांचा हिशेब? चोख. मग एखादं नाव जिभेवर येऊन अडकणं ही या वयातली अगदी नेहमीची गोष्ट आहे. ते माझंही होतं आणि मी ४६ची आहे. शुगर मात्र तपासून घ्यायला सांगितलं, कारण शुगर वर-खाली झाली की चष्म्याचा नंबरही हलतो.

तपासणीत वावगं काही निघालं नाही. लांबचं चष्म्याशिवायही स्वच्छ, जवळचा नंबर पावणेदोन. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं, त्यामुळे दहा वर्षांच्या पोराला सात-आठ सेंटीमीटरवरचं वाचता येतं, तर पन्नाशीत तेच अंतर अर्ध्या मीटरपर्यंत जातं. यातून कोणी सुटत नाही. चष्मा प्रोग्रेसिव्ह होता, म्हणजे एकाच काचेत लांबचं, मधलं आणि जवळचं दिसणारा, दुसरीकडून केलेला. काचेवर कोरलेल्या बारीक खुणा शोधून मी मापं ताडून पाहिली. नंबर बरोबर, फिटिंग बरोबर. खोट काढायला जागाच नव्हती.

“चष्मा कधी घेतला?”

“होळीच्या आधी.”

“आणि स्पीड कधी पडला?”

ते थोडं थांबून म्हणाले, “होळीनंतर. पण मॅडम, यातून बोर्ड दिसते, मोबाइल दिसते, सगळंच दिसते!”

मी दुकानातला लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, डाव्या हाताला एका कंपनीचं इंग्रजी माहितीपत्रक ठेवलं आणि म्हटलं, टेबलावर बसता तसे बसा आणि टाइप करा. बसल्या बसल्या त्यांची हनुवटी वर गेली. स्क्रीन नीट दिसावा म्हणून ते काचेच्या खालच्या भागातून बघत होते आणि मान मागे पडली होती. दर ओळीला मान डावीकडे, पुन्हा समोर, पुन्हा डावीकडे. मिनिटाभराने डावा हात आपोआप मानेच्या मागे गेला. मान दुखते का, हे विचारायची गरजच उरली नाही.

प्रोग्रेसिव्ह काचेत स्पष्ट दिसणारा भाग डमरूसारखा असतो: वर लांबचं पाहायला रुंद, खाली वाचायला बेताचा, आणि मधे, नेमका कॉम्प्युटरच्या अंतराला, चिंचोळा. वरून खाली नंबर वाढत नेला की दोन्ही कडांना धूसरपणा येणारच. कितीही महागडी काच घ्या, तो कमी-जास्त होतो पण जात नाही. १९५९मध्ये फ्रान्समध्ये या काचा बाजारात आल्या, तेव्हापासून हे गणित चुकलेलं नाही. दिवसभर फिरणाऱ्या माणसाला हाच चष्मा उत्तम, मी स्वतः वापरते. पण चष्मा देताना ‘तुम्ही काम काय करता’ हे विचारायची पद्धत आपल्याकडे कमी आहे, आणि याचा मला राग येतो.

तरी कोडं पूर्ण सुटलं नव्हतं. थोडं धूसर दिसल्याने माणूस जरा हळू होईल; पण अर्धं आयुष्य टाइप केलेल्या माणसाचा स्पीड एवढा कोसळावा? तेव्हा मुलीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलेला एक प्रयोग आठवला. टिमथी सॉल्टहाउस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४मध्ये १९ ते ७२ वर्षांच्या टायपिस्टांची चाचणी घेतली होती. वय वाढलं तशी बोटांची झटपट प्रतिक्रिया मंदावलेली होती, पण टायपिंगचा वेग मात्र पडलेला नव्हता. कारण जुने टायपिस्ट कागदावर पुढचं जास्त लांबपर्यंत वाचत होते. बोटं एका शब्दावर असताना डोळे कितीतरी पुढे गेलेले.

माझ्याकडे टायपोस्कोप असतो, अतिशय कमी दृष्टीच्या पेशंटना वाचताना ओळ हरवू नये म्हणून वापरायचं चीर पाडलेलं काळं कार्ड. त्याची चीर दोन्ही बाजूंनी कागद लावून एवढी आखूड केली की एका वेळी जेमतेम चार-पाच अक्षरं दिसावीत. तपासणीच्या ट्रायल फ्रेममध्ये ‘प्लस एक’ची साधी काच घातली, म्हणजे धूसरपणाचा प्रश्नच नको. कार्ड कागदावर सरकवत त्यांना टाइप करायला सांगितलं. दोन ओळीत भाऊ वैतागले.

“हे काय लावलं बाप्पा! पुढचं दिसूच नाही देऊन राहिले तुम्ही. असं कोण टाइप करते?”

“चष्म्यातून असंच होत होतं ना?”

बोटं कीबोर्डवरच राहिली, पण थांबली. मग मी कार्ड काढून घेतलं आणि म्हटलं, आता करा.

पुढचं मिनिट मी बघतच राहिले. मान सरळ, नजर कागदावर, लॅपटॉपचा साधा कीबोर्ड, तोही परका, तरी खडखड आवाज येत होता. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते, बोटांकडे नाही. बोटं ‘warranty’ च्या जागी असताना नजर पुढच्या ओळीवर उतरलेली. आमच्या दुकानातल्या बावीस वर्षांच्या मुलीने मोबाइलवर वेळ लावली होती. चष्म्याने पंचविसाच्या आसपास अडकलेले शब्द चाळिसाच्या वर गेले होते. तिने मग स्वतः करून पाहिलं आणि लाजून उठली.

शेजारच्या पोट्ट्याची बोटं यांच्यापेक्षा चपळ असतील, ते मान्यच. डोक्याच्या सगळ्या कामांना वय एकाच वेळी लागत नाही. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये १९५६पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात झटपट ओळखण्याचा वेग विशी-तिशीपासूनच उतरताना दिसला, पण शब्दसंपत्ती आणि तर्क मध्यमवयात चांगले भरात होते. भाऊंचा वेग नजरेच्या या पुढच्या धावेवर उभा होता, आणि नव्या काचेने तीच अडवली होती. एवढ्यावरून माणूस घरी सांगत सुटला होता की आपलं डोकं गेलं.

त्यांच्या टेबलावरची अंतरं मोजून आणायला सांगितली. स्क्रीन ६५ सेंटीमीटर, कागद ५५. त्या मापाने एका नंबरचा, रुंद काचेचा वेगळा चष्मा दिला, फक्त टेबलापुरता. कागद डावीकडे आडवा न ठेवता स्क्रीनच्या शेजारी उभा लावायला सांगितलं आणि टेबलावर दिवा वाढवायला, कारण या वयात बाहुली लहान होते आणि डोळ्यात उजेड कमी शिरतो. दोन चष्मे सांभाळायची कटकट आहेच. एकदा टेबलाचा चष्मा घालून ते तसेच चहाला निघाले आणि पायरी चुकले, हे त्यांनीच हसत फोनवर सांगितलं. गट नंबरवाला वकील परत आला का, ते मी विचारलं. “येते ना. पण आता नंबर दोनदा वाचून घेते माह्याकडून.”

पावसाळ्याच्या सुरुवातीला कोर्टाजवळचे आणखी टायपिस्ट येऊ लागले. एकाने टेबलाची मापं सुतळीला गाठी मारून आणली होती. पहिली गाठ कागदाची, दुसरी स्क्रीनची. मात्र त्याच्या डोळ्याचा दाब जास्त निघाला, तेव्हा चष्मा बाजूला ठेवून त्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं.