तुम्ही विचारलंत म्हणून: हा फोटो खरंच शंभर वर्षांचा असेल?

जुने फोटो जमवायला लागलेली मंडळी मला हमखास विचारतात, "विक्रेता शंभर वर्षांचा फोटो म्हणतोय, घेऊ का?" मी म्हणते, आधी त्याला विचारा, शंभर वर्षं कशाला झाली? फोटो काढला त्याला, की तुमच्या हातातल्या कागदाला?

एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ साली वारले, पण त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आजही दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. निगेटिव्ह शाबूत असेल तर प्रिंट केव्हाही काढता येते. त्यामुळे "दीनदयाळांचा फोटो, १८९० चा" असं सांगणारा विक्रेता खोटं बोलत असेलच असं नाही. पण प्रिंट कधीची, हे त्याला ठाऊक असून तो बोलत नसेल, तर ती मी फसवणूकच मानते. भाव त्यावरच तर ठरतो.

अमेरिकेतल्या बालमजुरांचे फोटो काढणारा लुईस हाइन १९४० मध्ये गेला. पुढे त्याच्या काही प्रिंट त्याच्या हयातीतल्या म्हणून भारी किमतीला विकल्या गेल्या. १९९० च्या दशकाअखेरीस शंका येऊन कागद तपासला, तेव्हा त्यात कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन निघालं. फोटोच्या कागदात ते १९५० च्या सुमारास यायला लागलं. म्हणजे हाइनच्या हयातीत तो कागदच नव्हता! नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात धरला की असा कागद निळसर उजळतो. नाही उजळला म्हणून तो जुना ठरत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाताना खिशात भिंग असू द्या. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक प्रिंट अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावरच्या. हा कागद इतका पातळ की गुंडाळून जाऊ नये म्हणून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. भिंगातून कागदाचे तंतू दिसतात, चेहऱ्यावर बारीक भेगा दिसतात, पांढरा भाग पिवळसर झालेला असतो. त्याऐवजी ओळीत मांडलेले ठिपके दिसले, तर तो फोटो नव्हे, छापखान्यातून आलेलं चित्र. फ्रेममधल्या लोकमान्यांच्या तसबिरी बऱ्याचदा अशाच असतात. घरात लावायला त्या उत्तम, पण मूळ फोटोचा भाव त्यांना देऊ नका. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागदही ओळखता येतो. उन्हाने विटलेल्या फोटोची फ्रेमखाली झाकलेली कड वेगळी दिसते, चहाचा रंग मात्र कडेपर्यंत सारखाच चढतो.

तरीही मला दिव्यापेक्षा आणि भिंगापेक्षा पावती महत्त्वाची वाटते. "प्रिंट अंदाजे अमुक काळातली, तशी न निघाल्यास पैसे परत," एवढं लिहून मागा. तोंडी शंभर वर्षं सांगणारे कितीतरी जण इथे अडखळतात. आणि "ताई, फोटो जुना आहे, पण प्रिंट कधीची ते नाही सांगता येणार," असं म्हणून त्याच हिशेबाने भाव लावणारा कुणी भेटला, तर त्याच्याकडे घासाघीस करू नका. मीही करत नाही.