लेखन गटाची आजची बैठक

आज पुन्हा जाणवलं, लेखन गट टिकतो तो वेळ पाळण्यावर. ८ जण आणि २ तास असतील तर चौघांचंच लेखन घ्यावं, प्रत्येकी २५ मिनिटं. सगळ्यांनाच बसवायला गेलं की शेवटच्याच्या वाट्याला नुसतं "छान आहे" येतं, आणि त्याचा लिहिणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो.

मजकूर ७००-८०० शब्दांचा, छापील प्रत प्रत्येकाच्या हातात. वाचन मात्र लेखकाने करू नये, दुसऱ्याला द्यावं. स्वतः वाचताना आपण हवा तिथे जोर देतो आणि खड्डे झाकले जातात. परका वाचक अडखळला की तिथे पेन्सिलीने खूण करायची. आज एका कथेत "तो म्हणाला" यातला "तो" बाप की मुलगा, हे न कळून वाचणारीच थांबली. तिथे एक नाव घातलं, वाक्य सरळ झालं. किती साधी गोष्ट, पण एकट्याने दहादा वाचूनही सापडत नाही!

चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचं. हेच सगळ्यात जड जातं. "मला म्हणायचं होतं की..." सुरू झालं की कागदावर काय उतरलंय ते बाजूलाच राहतं.