घडीचा चाकू निवडताना

आज दुपारभर दोन घडीचे चाकू समोर घेऊन बसलो होतो आणि रोज खिशात बाळगण्यासाठी कोणता ठेवावा, हे ठरवायला वाटले होते त्याहून बराच वेळ लागला. पहिला स्विस धाटणीचा, कात्रीपासून पेचकसापर्यंत सारे पोटात घेतलेला. मात्र त्याचे पाते केवळ स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहते. दुसरा ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ क्रमांकाचा चाकू, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आणि बीच लाकडाच्या मुठीचा. मुठीच्या टोकाची धातूची कडी फिरवली की त्याचे पाते जागच्या जागी घट्ट बसते. १८९० पासून बनत आलेल्या या चाकूला ही कडी १९५५ मध्ये मिळाली आणि बोटे वाचवणारी याहून साधी युक्ती माझ्या पाहण्यात नाही. त्याच्या कार्बन पोलादाच्या पात्याने सफरचंद कापले, तर थोड्याच वेळात त्यावर निळसर करडी छटा चढली, जी मला फार आवडली. अर्थात असे पाते ओले राहिले तर गंजते, म्हणून पुसून तेलाचा थेंब लावणे आलेच. संग्रहासाठी घेणाऱ्याने पात्यावरची मुकुट आणि हात असलेली कंपनीची खूण जरूर न्याहाळावी. मला तो वापरायचा असल्याने पाते उघडून हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहिले, ते तसूभरही डुगडुगले नाही, आणि ओपिनेलच खिशात टाकला.