छत ठीक

कोळशाच्या खाणीत मी पंचवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा ओव्हरमन, म्हणजे पाळीतल्या माणसांवर आणि कामावर देखरेख ठेवणारा, म्हणून. खाणीतले मृत्यू म्हटलं की लोक धनबादजवळच्या चासनाला खाणीचं विचारतात. २७ डिसेंबर १९७५ ला शेजारच्या जुन्या कामात साठलेलं पाणी फुटून आत घुसलं आणि ३७५ जण गेले. ते विसरायचं नाहीच. पण मी ज्यांना खांदा दिला ते सगळे एकेकटे गेले, छत कोसळून.

आमच्या सेक्शनमधला तो पोरगा सव्वीस वर्षांचा होता. सुरुंग उडाले, धूर निघून गेला आणि नव्या उघड्या छताला टेकू लागायच्या आत तो पुढे गेला. किती कोळसा सुटलाय एवढंच बघायला. "दोन मिनिटांत येतो," म्हणाला. वर जेमतेम वीतभर जाडीचा दगड होता.

वायूसाठी निदान मीटर असतं. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने भडकतो, पण मीटर त्याच्या बरंच आधी ओरडतं. छताला मात्र कान लावावा लागतो. पहारीने ठोकलं की घट्ट छत टणकन वाजतं, सुटलेलं ढब्ब करतं. दुसऱ्या हाताचा तळवा छताला टेकवून ठेवला तर सुटलेल्या दगडाची थरथर बोटांना कळते. ही ठोकाठोक नेहमी टेकू असलेल्या छताखाली उभं राहून, लांब पहारीनेच करायची. सैल दगड तिथूनच पाडायचे. मग तात्पुरते टेकू, मग छताचे थर आवळून धरणारे बोल्ट, आणि त्यानंतरच माणूस पुढे. यातलं काहीच अवघड नाही. वेळ लागतो, आणि तो वेळ कुणी देत नाही. माणसं मागे घेणाऱ्या ओव्हरमनला पाळी संपल्यावर आधी टनांचा हिशेब विचारला जातो. हे थांबेपर्यंत पोस्टर लावून काही होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पाळी बदलताना कुठे ढब्ब लागलं, कुठे छतात तिरकी चीर दिसली, कुठला बोल्ट सैल आहे, हे जागेसकट वहीत लिहायला हवं. नंतर मी ते कधीच चुकवलं नाही. त्या दिवशी मागच्या पाळीच्या वहीत "छत ठीक" एवढे दोनच शब्द होते. चीर आदल्या दिवशीच दिसली होती, हे चौकशीत कळलं. त्या दोन शब्दांखाली मी सही केली होती.